विषाणूबाधित प्रतिकारपेशींची गटवारी : कुठवर आलो आहोत?

रक्तातल्या मोनोसाइट पेशीत फ्लूचा विषाणू शिरला की पुढच्या काही तासांत तिच्यातल्या शेकडो जनुकांचे कामकाज बदलते. आयएसजी-१५, एमएक्स-१, आयएफआयटी-१ यांसारखी इंटरफेरॉनच्या इशाऱ्यावर चालणारी जनुके एरवी जेमतेम सुरू असतात. ती झपाट्याने वर चढतात. काही जनुके मंदावतात, बरीचशी जागची हलतही नाहीत. कोणते जनुक किती सुरू आहे हे त्याच्यापासून तयार झालेल्या संदेशवाहक आरएनएच्या प्रमाणावरून मोजतात. माणसात प्रथिने बनवणारी जनुके सुमारे २० हजार. म्हणजे पन्नास नमुने घेतले तरी दहा लाख आकड्यांचा तक्ता समोर येतो, आणि तो नुसत्या डोळ्यांनी वाचणे कुणाच्याच आवाक्यातले नसते.

सारखे वागणाऱ्यांना एकत्र आणायचे, हा त्यावरचा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत जास्त वापरला जाणारा उपाय. क्लस्टरिंग म्हणजे गटवारी ती हीच. गटवारी जनुकांची होते, रुग्णांची होते आणि अलीकडे एकेका पेशीचीही होते. कोण कोणत्या गटातले हे आधी कुणी सांगून ठेवलेले नसते, आणि म्हणूनच एक प्रश्न सुरुवातीपासून पाठीशी आहे. हे गट निसर्गात असतात आणि आपल्याला सापडतात, की तक्त्यावर रेघा मारून आपण ते पाडतो? या क्षेत्रातले बहुतेक मतभेद याच प्रश्नातून निघाले आहेत. विषाणूबाधित प्रतिकारपेशींच्या बाबतीत तो जास्त टोकदार होतो, कारण इथे चार गोष्टी एकाच आकड्यात मिसळलेल्या असतात: पेशी कोणत्या प्रकारची, तिच्यात विषाणू आहे की ती नुसती बाधित पेशीच्या शेजारी आहे, संसर्गाला किती तास झाले, आणि ती कोणाच्या शरीरातून आली.

मागची वाट

दोन गोष्टी एकमेकींपासून किती लांब आहेत हे अनेक मापांवरून एकदम ठरवण्याचा एक पायाभूत मार्ग प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये कलकत्त्याहून मांडला. संयुक्त प्रांतात १९४१ मध्ये झालेल्या मानवमितीच्या पाहणीत हेच अंतर वापरून महालनोबिस, डी. एन. मजुमदार आणि सी. आर. राव यांनी जाती-जमातींचे गट तपासले. ती माणसांच्या शरीरमापांची गटवारी होती. जनुकांची पाळी यायला सहा दशके जावी लागली, कारण हजारो जनुके एकदम मोजणारे साधनच नव्हते.

ते साधन मायक्रोॲरेच्या रूपाने १९९५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातून आले. १९९८ मध्ये तिथल्याच मायकेल आयझेन आणि सहकाऱ्यांनी जनुकांची वृक्षाकार गटवारी करून दाखवली. वाढलेली जनुके लाल, घटलेली हिरवी आणि कडेला फांद्यांचे झाड, असे ते चित्र होते. पुढची दहा वर्षे जीवशास्त्राच्या नियतकालिकांत ते इतके छापले गेले की गटवारी म्हणजे तेच चित्र असे समीकरण होऊन बसले.

प्रतिकारपेशींच्या अभ्यासात हे तंत्र लगेच शिरले. २००१ मध्ये बोस्टन-केंब्रिजच्या गटाने माणसाच्या डेंड्रायटिक पेशींना ई. कोलाय जिवाणू, कँडिडा बुरशी आणि फ्लूचा विषाणू यांच्याशी वेगवेगळे भिडवले. तिन्ही शत्रूंना मिळणाऱ्या उत्तरात १६६ जनुकांचा एक समाईक गाभा निघाला आणि बाकीची जनुके शत्रू पाहून बदलताना दिसली. चार वर्षांनी रिचर्ड जेनर आणि रिचर्ड यंग यांनी ३२ अभ्यासांतून ७७ प्रकारच्या यजमान-रोगजंतू लढतींचे आकडे एकत्र आणले. तिथेही एक समाईक प्रतिसाद आढळला. यजमान पेशीकडे ठरावीक कार्यक्रमांचा एक संच असतो आणि गटवारीने तो उलगडता येतो, हा विश्वास या काळात पक्का झाला. तो पुष्कळ अंशी खरा ठरला. इंटरफेरॉन जनुकांचा गट आजवर बहुतेक विषाणूंच्या अभ्यासांत, वेगवेगळ्या पद्धतींनी, पुन्हा पुन्हा निघाला आहे. वाद त्या गटाबद्दल नाही. त्याच्या पलीकडच्या, लहान आणि अंधूक गटांबद्दल आहे.

जवळ कोण, लांब कोण

गटवारीचे पहिले पाऊल म्हणजे अंतर ठरवणे. ते वरवर तांत्रिक वाटते, पण निम्मा निकाल तिथेच लागतो. संसर्गानंतर चार वेळा मोजलेली तीन जनुके घेऊ. आकडे लॉग प्रमाणावरचे आहेत. पहिले जनुक १, ३, ५, ४ असे चालते. दुसरे ६, ८, १०, ९ असे. तिसरे ४, ३, ३, २ असे. पहिले आणि दुसरे यांची चाल हुबेहूब सारखी आहे. फक्त दुसरे सगळीकडे पाचाने वर आहे. तिसरे तर उलटे, खाली उतरणारे. शाळेत शिकलेल्या सरळ रेषेच्या अंतराने हिशेब केला तर पहिल्या दोघांत १० इतके अंतर पडते आणि पहिल्या-तिसऱ्यात जेमतेम ४.१. म्हणजे संसर्गात चढणारे जनुक उतरणाऱ्याच्या गटात जाईल आणि आपल्या जुळ्या भावापासून तुटेल. सहसंबंधाने मोजले तर पहिली दोन एकरूप ठरतात आणि तिसरे विरुद्ध टोकाला जाते.

यावरून सहसंबंधच बरोबर असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तोही पुरता खरा नाही. जी जनुके जवळपास स्थिर आहेत त्यांच्यात नुसत्या मोजणीतल्या त्रुटींमुळे थोडी हालचाल दिसते. सहसंबंध त्या हालचालीचा आकार ताणून मोठा करतो आणि निव्वळ गोंगाटातून सुबक गट उभे राहतात. म्हणूनच बहुतेक अभ्यासक आधी न हलणारी जनुके बाजूला काढतात. किती हलले म्हणजे हलले, हा निर्णय मग वेगळा घ्यावा लागतो. महालनोबिस अंतर या दोन्ही अडचणींवर तत्त्वतः चांगला उपाय आहे, पण त्यासाठी सगळ्या मापांचे परस्परसंबंध आधी माहीत असावे लागतात. वीस हजार जनुके आणि पन्नास नमुने अशा स्थितीत ते थेट काढताच येत नाहीत. म्हणून आधी मुख्य घटक काढून मापांची संख्या वीस-पन्नासवर आणणे ही आजची सार्वत्रिक रीत आहे.

गट किती?

के-मीन्स पद्धतीला गटांची संख्या आधी सांगावी लागते. वृक्षाकार पद्धतीत ती सांगावी लागत नाही, पण झाड कोणत्या उंचीवर कापायचे हे ठरवावेच लागते. पीटर रूसो यांचा १९८७ चा सिलुएट निर्देशांक, टिबशिरानी, वॉल्थर आणि हेस्टी यांची २००१ ची गॅप पद्धत, नमुने पुन्हा पुन्हा उपसून जे गट टिकतात तेवढेच धरणारी २००३ ची एकमताची गटवारी, असे मापदंड यासाठी आले. मिश्रण-प्रारूपे मानणाऱ्यांनी संभाव्यतेचा आधार घेतला, आणि डिरिक्ले प्रक्रियेवर बांधलेल्या बेझियन पद्धतींत तर संख्या आकड्यांतूनच निघते असे म्हटले जाते. तिथेही आधी गृहीत धरलेला एक प्राचल संख्येला वर-खाली ढकलतो. निवड करावीच लागते, फक्त ती एक पायरी मागे सरकते.

२००२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या जॉन क्लाइनबर्ग यांनी या चर्चेला गणिती धार दिली. मापाचे एकक बदलले तरी गट बदलू नयेत. कोणतीही गटवारी निघण्याची शक्यता असावी. आणि गटातले सदस्य अधिक जवळ आले व गट एकमेकांपासून लांब गेले तर निकाल तोच राहावा. या तिन्ही साध्या अटी एकदम पाळणारी पद्धत असू शकत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. काहींनी त्यातून गटवारीला वस्तुनिष्ठ आधारच नाही असा अर्थ काढला. २००८ मध्ये बेन-डेव्हिड आणि ॲकरमन यांनी दाखवले की पद्धतीऐवजी गटवारीच्या दर्जाच्या मापावर तशाच अटी घातल्या तर विसंगती उरत नाही. या दोन्हींतून मला दिसते ते इतकेच की ‘खरे गट किती’ हा प्रश्न हेतू सांगितल्याशिवाय अपुरा आहे. कशासाठी गट हवेत ते ठरले की बऱ्या-वाईट गटवारीत फरक करता येतो.

काळाचा पदर

संसर्ग ही घडत जाणारी गोष्ट आहे, आणि प्रचलित पद्धती काळाला ओळखत नाहीत. शून्य, चार, आठ आणि बारा तासांचे रकाने हवे तसे उलटसुलट लावले तरी के-मीन्सचा किंवा वृक्षाकार गटवारीचा निकाल तसूभरही बदलत नाही. इतकी महत्त्वाची माहिती वाया जाते. वक्र बसवून गट करणाऱ्या पद्धती आणि छोट्या कालमालिकांसाठी २००५ च्या सुमारास आलेली स्टेम ही प्रणाली, या त्यावरच्या तोडी. तरीही आज छापले जाणारे बरेच अभ्यास काळाला साधा रकाना समजूनच चालतात.

काळ नीट पकडण्याचा एक लक्षणीय प्रयत्न २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये १७ निरोगी स्वयंसेवकांना त्यांच्या संमतीने एच३एन२ फ्लूचा जिवंत विषाणू देण्यात आला आणि पुढच्या पाच-साडेपाच दिवसांत १६ वेळा रक्त घेतले गेले. नऊ जण आजारी पडले, आठ पडले नाहीत. ड्यूक आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी जनुकांची गटवारी स्वयंरचित नकाशांनी केली. ही टेउवो कोहोनेन यांची पद्धत. तिच्यात एकमेकांशी मिळतेजुळते गट नकाशावर शेजारी बसतात. आजारी पडलेल्यांत विषाणू ओळखणाऱ्या ग्राहींची आणि दाहाची जनुके एका लयीत चढली, आणि तीही लक्षणे शिगेला पोचण्याच्या बरीच आधी. न पडलेल्यांचा आलेख मात्र सपाट नव्हता. त्यांच्यात दाहाची जनुके आवरलेली आणि ऑक्सिडीकरणाचा ताण शमवणारी जनुके वाढलेली होती. आजारी न पडणे म्हणजे शरीराने काहीच न करणे नव्हे, ही गोष्ट गटवारीने पुढे आणली. कुणी आधी ती शोधायला सांगितली नव्हती. गटवारीच्या बाजूने द्यायचे उदाहरण म्हणून मी हेच देईन.

या अभ्यासाची मर्यादा त्या काळच्या सगळ्याच अभ्यासांची होती. मोजले होते सबंध रक्त. फ्लूचा विषाणू प्रामुख्याने श्वसनमार्गाच्या अस्तरात वाढतो; रक्तपेशींपर्यंत पोचतात ते मुख्यतः इंटरफेरॉनचे संदेश. शिवाय संसर्गात लिम्फोसाइट रक्तातून कमी होतात, मोनोसाइटचे प्रमाण बदलते. एखाद्या जनुकाचा आकडा दुप्पट झाला तर प्रत्येक पेशीत ते दुप्पट सुरू झाले, की ते वापरणाऱ्या पेशीच दुप्पट झाल्या, हे मिश्र रक्तावरून थेट सांगता येत नाही. २०१५ च्या सायबरसॉर्टसारख्या प्रणाली पेशींचे प्रमाण गणिताने उलगडतात, पण त्यांना प्रत्येक पेशीप्रकाराची निरोगी अवस्थेतली ओळख माहीत असावी लागते आणि संसर्गात नेमकी तीच बदलते.

एकेक पेशी

२०१५ मध्ये तेलातल्या सूक्ष्म थेंबांत एकेक पेशी कोंडून तिचा आरएनए वाचण्याची तंत्रे आली आणि चित्र पालटले. रकाने पन्नासांवरून हजारांवर, मग लाखांवर गेले. प्रत्येक रकाना मात्र विरळ झाला, कारण एका पेशीतला थोडाच आरएनए हाती लागतो आणि बहुतेक आकडे शून्य असतात. इतक्या पेशींना वृक्षाकार पद्धत झेपत नाही. त्यामुळे सारख्या पेशींना जोडून जाळे विणायचे आणि त्यातल्या दाट वस्त्या शोधायच्या, ही रीत रूढ झाली. आधी २००८ ची लूव्हाँ, आणि तिच्यात काही वस्त्या आतून तुटलेल्या निघतात हे लक्षात आल्यावर २०१९ ची लायडेन.

या पद्धतींत गटांची संख्या मागत नाहीत, ‘रेझोल्यूशन’ नावाचा एक आकडा मागतात. तो वाढवला की जास्त गट, कमी केला की कमी. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सुरा या प्रणालीत तो न सांगितल्यास ०.८ धरला जातो. तिच्या प्रसिद्ध शिकवणीत एका निरोगी माणसाच्या २,७०० रक्तपेशी ०.५ या आकड्यावर नऊ गटांत पडतात. शिकणारे हजारो जण तिथून सुरुवात करतात, आणि तो आकडा तसाच पुढे स्वतःच्या, पूर्ण वेगळ्या प्रयोगात नेतात. आठवा गट नववा झाला म्हणून जीवशास्त्र बदलत नाही, पण निबंधाचा मथळा बदलू शकतो.

तरीही एकेका पेशीच्या गटवारीने दिलेले शोध मोठे आहेत. २०१४ मध्ये उंदरांच्या डेंड्रायटिक पेशींवरच्या प्रयोगांत दिसले की विषाणूविरोधी प्रतिसादाची सुरुवात मोजक्या घाई करणाऱ्या पेशी करतात आणि बाकीच्या त्यांनी सोडलेल्या इंटरफेरॉनमुळे जाग्या होतात. सरासरीत त्या पेशी कधीच दिसल्या नसत्या. २०१८ मध्ये डेंग्यूच्या रुग्णांच्या रक्तात पेशीच्या आरएनएबरोबर विषाणूचाही आरएनए वाचला गेला. गंभीर आजाराकडे वळलेल्या रुग्णांत तो मुख्यतः बी पेशींमध्ये सापडला. तोवर सगळे लक्ष मोनोसाइट आणि डेंड्रायटिक पेशींवर होते. त्याच वर्षी सायटोमेगॅलोव्हायरस सुप्त असलेल्या मोनोसाइटवर इस्रायली गटाने काम केले. सुप्त अवस्थेचा वेगळा जनुक-कार्यक्रम असणार, म्हणजे पेशींचा वेगळा गट पडणार, अशी अपेक्षा होती. तसा गट पडला नाही. सक्रिय संसर्गाच्या उत्तरार्धात दिसणारीच विषाणू-जनुके मंद आवाजात, कमी-जास्त प्रमाणात, सलग उतारासारखी दिसली.

चार भूमिका

या शेवटच्या निष्कर्षापाशी आजचे मतभेद स्पष्ट होतात. पहिली भूमिका म्हणते की गटवारी हे पाहण्याचे साधन आहे. तिचे काम कल्पना सुचवणे. पुरावा पुढच्या प्रयोगाने द्यायचा. प्रयोगशाळेत काम करणारे बहुतेक जीवशास्त्रज्ञ असेच मानतात. प्रथिनांच्या मोजणीने, पेशी वेगळ्या काढून, जनुक बंद करून गट खरा की खोटा ते ठरते. २०१७ मध्ये रक्तात डेंड्रायटिक पेशींचा एक नवा प्रकार असाच आधी गटवारीत दिसला आणि मग प्रत्यक्ष पेशी वेगळ्या काढून पडताळला गेला.

दुसरी भूमिका संख्याशास्त्रज्ञांची. त्यांचा आक्षेप गटवारीवर नाही, तिच्यानंतर जे केले जाते त्यावर आहे. गट पाडले, मग त्या दोन गटांत कोणती जनुके वेगळी आहेत हे त्याच आकड्यांवर तपासले, तर पी-मूल्ये निरर्थक होतात. घंटेच्या आकाराच्या एकाच वितरणातून २०० आकडे काढा. तिथे गट नाहीतच. मधोमध कापून दोन भाग करा आणि त्यांच्या सरासऱ्यांची टी-चाचणी घ्या. चाचणीचे मूल्य १८-१९ च्या आसपास येते. एरवी दोनच्या वर गेले तरी दखल घेतात. फरक आपणच कापून निर्माण केला आणि मग आपणच त्याला शाबासकी दिली. ही चूक टाळण्याचे मार्ग गेल्या काही वर्षांत वेगाने पुढे आले आहेत. २०१९ मध्ये आकडे विभागून चाचणी दुरुस्त करण्याची पद्धत आली. लूसी गाओ, जेकब बीन आणि डॅनिएला विटन यांनी गटवारी आधी झाली हे लक्षात घेऊन पी-मूल्य काढण्याचे गणित दिले. प्रत्येक पेशीतली मोजणीच दोन स्वतंत्र हिश्शांत वाटून एकावर गट करायचे आणि दुसऱ्यावर तपासायचे, असाही मार्ग निघाला. हे सगळे वितरणाच्या काही गृहीतकांवर उभे आहे आणि ती जैविक आकड्यांत कितपत टिकतात यावर काम सुरू आहे.

तिसरी भूमिका गटांनाच बाजूला ठेवते. संसर्ग ही पातळी आहे, कप्पा नव्हे. तेव्हा प्रत्येक पेशीत इंटरफेरॉनचा कार्यक्रम किती टक्के, ताणाचा किती, पेशीप्रकाराचा किती असे मिश्रण सांगा, हे तिचे म्हणणे. ऋणेतर आव्यूह-विघटन आणि काळाच्या वाटेवर पेशी मांडणाऱ्या प्रणाली या बाजूच्या. सायटोमेगॅलोव्हायरसचे उदाहरण तिच्या पक्षाचे आहे. अडचण अशी की कार्यक्रम किती धरायचे हाही पुन्हा निवडीचाच आकडा.

चौथी भूमिका व्यवहारी आहे. दर वेळी नव्याने गट कशाला पाडायचे? लाखो पेशींचा एक नीट नकाशा करून ठेवावा आणि नव्या पेशी त्यावर बसवाव्यात. २०२१ मध्ये २२८ प्रतिपिंडांनी पृष्ठभागावरची प्रथिनेही मोजून केलेला रक्तपेशींचा नकाशा यासाठी सर्रास वापरला जातो. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निकाल एका भाषेत येतात हा मोठा फायदा. पण नकाशात नसलेली पेशी सर्वांत जवळच्या ओळखीच्या घरात ढकलली जाते, आणि विषाणूने बदललेली पेशी बऱ्याचदा नेमकी तशी असते. प्रचंड आकड्यांवर आधी शिकवलेली नवी मोठी प्रारूपे ही अडचण सोडवतील अशी आशा आहे. पुढे काही न शिकवता तशीच वापरल्यास ती जुन्या साध्या पद्धतींपेक्षा सरस ठरत नाहीत, असे आतापर्यंतच्या स्वतंत्र तपासण्यांत दिसले आहे.

एका पुलाची गोष्ट

हे मतभेद हवेतले नाहीत, हे २०२० च्या एका प्रकरणातून दिसते. स्टॅनफर्डच्या गटाने रुग्णालयात दाखल झालेल्या सात कोविड रुग्णांच्या आणि सहा निरोगी माणसांच्या रक्तपेशी वाचल्या. कृत्रिम श्वसनाची गरज पडलेल्या रुग्णांत अपरिपक्व न्यूट्रोफिलसारख्या पेशींचा एक गट निघाला. यूमॅप पद्धतीने काढलेल्या चित्रात तो प्लाझ्माब्लास्टच्या, म्हणजे प्रतिपिंडे बनवू लागलेल्या बी पेशींच्या गटाला एका अरुंद पुलाने जोडलेला होता. आरएनएच्या कच्च्या आणि पक्क्या प्रतींवरून पेशी कुठल्या दिशेने चालली आहे ते सांगणारे बाण प्लाझ्माब्लास्टकडून न्यूट्रोफिलकडे जात होते. बी कुळातली पेशी न्यूट्रोफिल होऊ शकते, अशी असाधारण शक्यता पुढे आली. पूर्वप्रतीत हा गट बी पेशींपासून आलेला म्हटला होता. छापील निबंधात भाषा निकटच्या नात्यापर्यंत खाली आली.

पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तेच आकडे पुन्हा तपासून अशा रूपांतराचा पुरावा दिसत नसल्याचे लिहिले. दरम्यान जर्मन गटांनी गंभीर कोविडमधल्या अपरिपक्व न्यूट्रोफिलचा उलगडा नेहमीच्या मार्गाने केला होता: अस्थिमज्जा तातडीने अर्धवट तयार पेशी बाहेर सोडते. असे पूल कृत्रिमपणेही उभे राहतात. एका थेंबात दोन पेशी अडकल्या, किंवा फुटलेल्या पेशींचा आरएनए द्रवात तरंगत इतर थेंबांत शिरला, तर दोन प्रकारांच्या मधली दिसणारी पेशी तयार होते. यूमॅपच्या चित्रात दोन बेटांमधल्या अंतराला तर भरवशाचा अर्थच नसतो. इथे कुणी निष्काळजीपणा केला असे मला वाटत नाही. मूळ आकडे सर्वांसाठी खुले ठेवले गेले म्हणूनच तपासणी होऊ शकली. गट अपरिपक्व न्यूट्रोफिलचा होता यावर दोन्ही बाजूंचे एकमत आहे. मतभेद त्याच्या उगमाबद्दल होता. गटवारी ‘काय आहे’ हे ठीक सांगते आणि ‘कुठून आले’ हे विचारले की तिची पकड सुटते.

अजून न सुटलेले

सर्वांत जुना अडसर बॅचचा. बाधित नमुने एका दिवशी आणि निरोगी दुसऱ्या दिवशी वाचले तर गट दिवसाप्रमाणे पडू शकतात. हा फरक पुसणाऱ्या प्रणाली भरपूर आहेत. पण बाधित नमुन्यातच आढळणाऱ्या अवस्थेला निरोगी नमुन्यात जोडीदार नसतो, आणि जोरात पुसणारी प्रणाली तिलाही दोष समजून सपाट करते. किती पुसावे याचे सर्वमान्य उत्तर नाही. प्रयोगाची आखणीच नीट करणे हा एकमेव भक्कम उपाय.

दुसरा प्रश्न मोजायचे एकक कोणते हा. सहा रुग्णांच्या साठ हजार पेशी वाचल्या तरी रुग्ण सहाच. पेशींना स्वतंत्र नमुने मानले तर खोटे निष्कर्ष मोठ्या संख्येने निघतात, हे २०२१ च्या एका मोठ्या तुलनेत स्पष्ट झाले. प्रत्येक दात्याच्या पेशी एकत्र करून मग दात्यांची तुलना करावी, याकडे कल वाढतो आहे. माणसामाणसांतला फरक किती खोल जातो हे २०२३ च्या अभ्यासात दिसले. आफ्रिकी, युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या २२२ दात्यांच्या रक्तपेशींना सार्स-कोव्ह-२ आणि फ्लूचे विषाणू भिडवले गेले. लोकसमूहांच्या प्रतिसादातला बराचसा फरक पेशींच्या प्रमाणातून येत होता, आणि त्या प्रमाणाला वळण देणाऱ्यांत शरीरात आधीपासून सुप्त असलेला सायटोमेगॅलोव्हायरस होता. आधीच्या एका विषाणूने पुढच्या विषाणूच्या वेळचे गट बदलून ठेवले होते.

या अभ्यासात दक्षिण आशिया नव्हता. आशियाई प्रतिकारपेशींच्या वैविध्याच्या नकाशात भारत, जपान, सिंगापूर, दक्षिण कोरिया आणि थायलंड या पाच देशांतले ६१९ दाते आणि १२ लाखांहून अधिक पेशी आहेत, त्यामुळे ही उणीव आता भरू लागली आहे. तो निरोगी माणसांचा आहे. संसर्गातल्या पेशी त्याच्याशी ताडून पाहण्याचे काम पुढचे.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पेशीत विषाणूचा आरएनए सापडला म्हणजे ती बाधित झाली का? मॅक्रोफेज आणि मोनोसाइट यांचा धंदाच मेलेल्या पेशी गिळण्याचा आहे. गिळलेल्या कचऱ्यातला विषाणू, द्रवात तरंगणारा विषाणू आणि पेशीत खरोखर वाढणारा विषाणू हे तिघे मोजणीत सारखेच दिसतात. कोविड रुग्णांच्या फुप्फुसातल्या द्रवावर २०२० मध्ये वापरलेल्या व्हायरल-ट्रॅकसारख्या प्रणाली बाधित आणि शेजारी पेशी वेगळ्या करू पाहतात, पण गिळलेले की वाढलेले हे त्या निश्चित सांगू शकत नाहीत. डेंग्यूसारख्या धन-धाग्याच्या विषाणूत उलटा, ऋण धागा सापडला तर वाढ चालू असल्याचा चांगला पुरावा मिळतो. तो धागा फार थोडा असतो आणि सामान्य संचांनी पकडला जात नाही.

डेंग्यूची अडचण याहून मूलभूत आहे. एकेक पेशी वाचणारे प्रचलित संच संदेशवाहक आरएनएच्या शेवटी असणारी ॲडेनिनची शेपटी धरून तो उचलतात. डेंग्यूच्या आरएनएला तशी शेपटीच नसते. २०१८ च्या अभ्यासाला विषाणू दिसला, कारण त्यांनी त्याच्यासाठी खास आमिष म्हणून वेगळा डीएनएचा तुकडा वापरला होता. नेहमीच्या संचांनी गोळा केलेल्या डेंग्यू रुग्णांच्या पेशींत इंटरफेरॉनचा प्रतिसाद दिसेल, पेशीप्रकार दिसतील, पण कोणत्या पेशीत विषाणू होता याची नोंद त्या आकड्यांत भरवशाने उतरलेलीच नसेल. तिथे कोणतीही गटवारी कितीही काळजीपूर्वक केली तरी बाधित आणि शेजारी यांच्यातली रेघ आकड्यांवरून मारता येणार नाही. त्यासाठी पुढच्या पावसाळ्यातल्या रुग्णांचे नमुने घेतानाच संचात ते आमिष घालावे लागेल.